चतुर पाण्यात वाढतो, मग तो बेडकासारखा उभयचर का नाही?

लहानपण पाण्यात गेलं म्हणून कुणी उभयचर ठरत नाही, नाहीतर डासही ठरला असता. उभयचर हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा वर्ग. चतुराला कणाच नाही. सहा पाय, चार पंख, वरून कडक कवच, म्हणजे सरळसरळ कीटक.

खरी गंमत पिल्लांची. बडोद्यात पावसाळ्यात साचलेल्या डबक्यात दोन्ही भेटतात. चतुराच्या पिल्लाचे कल्ले चक्क गुदाशयात असतात! मागून पाणी ओढून ते श्वास घेतं आणि धोका दिसला की तेच पाणी जोरात सोडून पुढे सटकतं. खालचा ओठ घडी घालून ठेवलेला. शिकार टप्प्यात आली की तो झटक्यात पुढे येतो. त्यात बेडकाची पिल्लं, म्हणजे टॅडपोलही सापडतात. पुढे मोठा बेडूक चतुर गिळतो, तो भाग वेगळा.

टॅडपोलची शेपटी अंगातच जिरते, कल्ले जाऊन फुफ्फुसं येतात. चतुराचं पिल्लू मात्र काडीवर चढतं, पाठ उकलते आणि पंखवाला चतुर बाहेर येतो. रिकामी कात तिथेच चिकटलेली दिसते. बघायचीच असेल तर डबक्याकाठी बघा, विश्वामित्री नदीच्या काठाला नको, तिथे मगरी आहेत.