तुझं मनगट थांबलं नाही

चिरंजीवीस,
अनेक आशीर्वाद.

बँडमध्ये गिटारवर लीड घेऊ (पुढे येऊन धून आणि सोलो वाजवू) की रिदम (मागे कॉर्ड धरून लय सांभाळू), असं विचारलंस आणि खाली लिहिलंस, 'लीडला आधीच एक जण आहे, म्हणून मला रिदमवर ढकलतायत.' ढकलतायत हा शब्द मला लागला, म्हणून फोन न करता लिहितोय.

रविवारी पाचपाखाडीत तुमची प्रॅक्टिस ऐकली. दुसऱ्या गाण्यात गाणारा मुलगा अंतऱ्याला एक मात्रा आधीच शिरला. ड्रमर गडबडला, लीडवाल्याची बोटं थबकली. तुझं मनगट मात्र थांबलं नाही. पुढची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, तू एक मात्रा अलीकडे घेतलीस आणि दोन ओळींत सगळे तुझ्यावर येऊन बसले. तुला ते आठवतही नसेल. मला रात्री उशिरापर्यंत आठवत होतं.

तबल्याचा सोलो चालू असताना पेटीवाला तासभर एकच लेहरा, म्हणजे तीच छोटी धून, धरून बसतो, ते तू ऐकलंयस. टाळ्या तबल्याला पडतात, पण लेहरा हलला तर तबलजीने समेवर यायचं कुठे? रिदमचं काम तेच. जॅझमधला रिदम गिटारवाला फ्रेडी ग्रीन १९३७ साली काउंट बेसीच्या ऑर्केस्ट्रात आला आणि १९८७ साली वारला तोवर, जवळपास पन्नास वर्षं, चार मात्रांना चार फटके देत राहिला. सोलो जवळजवळ घेतलेच नाहीत. एसी/डीसी या रॉक बँडमध्ये लोक बघायचे लीड वाजवणाऱ्या धाकट्या भावाकडे, अँगसकडे, पण बँड चालायचा रिदमवरच्या माल्कम यंगच्या उजव्या हातावर. जाड तारा, अ‍ॅम्पवर गेन (आवाजाची खरखर) कमी, प्रत्येक फटका स्वच्छ.

विशीत मी ऑर्केस्ट्रात लीड वाजवायचो. वागळे इस्टेटमधल्या एका गणपतीत गायिकेच्या प्रत्येक ओळीमागे मी काहीतरी वाजवत सुटलो होतो. कार्यक्रम संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "दादा, मला श्वास घ्यायला जागा ठेवा." त्या रात्री स्टेशनपर्यंत चालत गेलो. ते वाक्य अजून माझ्या हातात आहे.

आता कामाचं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लाव. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकव, दाबू नकोस. एका ठोक्यात चार, खाली-वर-खाली-वर, नुसतं 'चक्‌ चक्‌' वाजू दे. मग ठोक्यातल्या दुसऱ्या फटक्यावर जोर दे, मग चौथ्यावर. तार वाजवायची नसेल तेव्हाही हात लंबकासारखा फिरतच राहिला पाहिजे. तू बार कॉर्डला (एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या असतात तिथे) पोचलीस की तो अडतो, ते मी पाहिलंय. दहा मिनिटं, रोज.

दुसरं, तू आणि तो लीडवाला एकाच जागी एकच कॉर्ड धरता, त्याने नुसता गोंगाट वाढतो. तो खाली पहिल्या तीन फ्रेटवर (दांडीवरच्या पट्ट्यांवर) असेल तेव्हा तू सातव्याच्या आसपास जा, बारीक तीन तारांवर. जाड तारा बेसवाल्याला सोड.

लीड सोडून दे असं मी म्हणत नाही. चाली आपोआप सुचत असतील, दुसऱ्याचं ऐकताना मनात उत्तर तयार होत असेल, तर तू लीडचीच आहेस आणि मग जागेसाठी भांडावं लागलं तरी भांड. पण गेल्या दोन वर्षांत तू मला एकदाही स्वतःची चाल ऐकवली नाहीस. दर वेळी येऊन सांगतेस, अमुक गाण्यात मागे काय वाजतंय ते सापडलं म्हणून. तेव्हा तुझा चेहरा कसा होतो ते मी बघतो. म्हणून माझा कौल रिदमला. पुढे सोलो घेशीलच, आणि तेव्हा नुसत्या स्केलवर पळणार नाहीस, प्रत्येक कॉर्डचा गांधार, म्हणजे तिचा तिसरा सूर, कुठे आहे ते हाताला माहीत असेल.

शनिवारी संध्याकाळी त्या लीडवाल्या मुलालाही घेऊन ये. अ‍ॅम्प नको, दोन साध्या गिटारी पुरेत. तुझ्या तारा गंजल्यात, येताना नवा सेट आण, मी लावून देईन.

तुझा,
काका