खातं त्यानंच बंद केलं, मग डॉक्टर कशाला?

सध्या येणाऱ्या पत्रांत एकच गोष्ट फिरून फिरून असते. मुलाने, नवऱ्याने किंवा लिहिणाऱ्यानेच जुगाराच्या ॲपला ‘मला खेळू देऊ नका’ असे कळवून स्वतःवर बंदी घालून घेतलेली असते. याला सेल्फ-एक्सक्लूजन म्हणतात. आणि पत्राचा सूर असतो, सुटलो एकदाचे! त्यातल्या काही पत्रांना ही उत्तरे.

ऑनलाइन रमीचे खाते मी स्वतःहून कायमचे बंद केले. म्हणजे मी व्यसनी ठरतो का? (वाचक, नाशिक)

तेवढ्यावरून नाही. कंपन्यांच्या नोंदींवर अभ्यास करणारे संशोधक बंदी मागणाऱ्याला बरेचदा त्रासलेला खेळाडू धरतात, कारण नोंदीत मनातले दिसत नाही, बंद झालेले खाते दिसते. खूण कामाची आहे, पण ढोबळ. कोणी कंपनीवर चिडून खाते बंद करतो, कोणी लग्न ठरले म्हणून वेळीच आवरतो. उलट पार बुडालेले कित्येक जण बंदी कधीच मागत नाहीत. आम्ही निदान करताना नऊ लक्षणे पाहतो आणि वर्षभरात त्यातली किमान चार दिसावी लागतात. ‘थांबण्याचे वारंवार फसलेले प्रयत्न’ हे त्यातलेच एक. तेव्हा खाते बंद केले यापेक्षा याआधी किती वेळा बंद करून पुन्हा उघडले, ते मला जास्त सांगून जाते. लक्षणांची बेरीज मात्र घरी करू नका. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

मुलगा २७ वर्षांचा. रडून सगळे कबूल केले आणि आमच्यासमोर तीन ॲपवर स्वतःला बंदी घालून घेतली. ह्यांनी पीएफ काढून लोन ॲपची देणी फेडली. आता विषय उकरून काढू नये असे ह्यांचे म्हणणे. (एक आई, सातारा)

ताई, विषय काढा, आणि याच आठवड्यात काढा. घरचे लोक या बंदीला शपथ समजतात. ती खरे तर कबुली आहे, ‘माझे हात माझ्या ताब्यात नाहीत’ अशी. ती दिल्यावर काही दिवस माणूस मदत घ्यायला तयार असतो. दोन महिन्यांनी तोच तुम्हाला सांगेल, ‘मला काय झालंय? मी बरा आहे.’ माझ्याकडे लोक येतात ते हे दिवस घालवून, दुसरे कर्ज झाल्यावर.

दुसरे, बंदीने खाते थांबते, ओढ थांबत नाही. रमी सुटलेला मुलगा ‘ट्रेडिंग शिकतोय’ म्हणू लागला की आईवडिलांना बरे वाटते. तो ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर लावल्या जाणाऱ्या सौद्यांत, उतरला आहे का, ते विचारा. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणारे ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. हरलेले परत मिळवायची घाई तीच, फक्त नाव प्रतिष्ठित.

तिसरे पीएफचे. देणी भागवायला दुसऱ्यांच्या पैशावर विसंबणे हे नऊ लक्षणांपैकीच एक आहे. यजमानांनी मायेपोटी दिले हे कळते, पण यापुढे रोख हातात देऊ नका. कोणाकोणाचे देणे आहे ती यादी त्याने स्वतः लिहावी, त्याच्या संमतीने सिबिल अहवाल (त्याच्या नावावरच्या कर्जांची नोंद) काढून ताडून पाहावी. पहिल्या कबुलीत सगळी कर्जे क्वचितच येतात. हप्ते त्याच्या पगारातून जाऊ द्या.

आणि जे लिहायला जड जाते ते: जुगार आणि कर्ज यांत अडकलेल्यांमध्ये आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. तो गप्प राहू लागला, ‘मी नसतो तर बरं’ असे काही बोलला, तर एकटे सोडू नका आणि सरळ रुग्णालयात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो.

व्यसनी माणसाला न सांगता जेवणात मिसळायचे औषध मिळते म्हणतात. (वाचक, लातूर)

देऊ नका. काही रुग्णांना आम्ही ओढ कमी करणारे नॅल्ट्रेक्सोन हे औषध देतो, तेही यकृत तपासून आणि त्यांना सांगून.

मी यूकेमध्ये नोकरी करतो. गॅमस्टॉपवर (ऑनलाइन जुगारापासून स्वतःला बंदी घालून घेण्याची इथली सेवा) सहा महिन्यांची बंदी घेतली होती, ती संपत आली. पुढे काय? (वाचक, लेस्टर)

काही करू नका, हेच उत्तर. मुदत संपली तरी तुम्ही स्वतः उठवायला सांगत नाही तोवर ती बंदी चालू राहते. वाढवायची तर एक किंवा पाच वर्षांचा पर्याय आहे. मात्र ती ब्रिटनचा परवाना असलेल्या ऑनलाइन कंपन्यांपुरती आहे. नाक्यावरच्या बेटिंग शॉपसाठी वेगळी नोंदणी लागते. ‘आम्ही गॅमस्टॉपवर नाही’ अशी जाहिरात करणाऱ्या साइट तर मुद्दाम बंदी घेतलेल्यांनाच हेरतात, याहून निलाजरा धंदा मी पाहिलेला नाही. बँकेच्या ॲपमधून जुगाराचे व्यवहार अडवा आणि तुमच्या जीपींना (तिथल्या फॅमिली डॉक्टरांना) सांगा. एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची जुगारासाठी स्वतंत्र क्लिनिक आहेत.

ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद झाले. आता बंदी कसली मागायची? (वाचक, ठाणे)

कायदा खेळ चालवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला शिक्षा करतो, खेळणाऱ्याला नाही, हे चांगले आहे. पण परदेशी साइट आणि टेलिग्रामवर सट्ट्याची खाती उघडून देणारे आयडीवाले कुठे गेले? शिवाय स्वतः थांबलेला आणि सरकारने थांबवलेला यांत फरक आहे. सरकारने थांबवलेल्याने अजून काहीच कबूल केलेले नाही. चिडचिड, झोप उडणे, नवे आयडी शोधणे दिसले तर तज्ज्ञाकडे न्या.

वडील ६८ वर्षांचे, पार्किन्सनचे उपचार चालू आहेत. आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही, आता रोज लॉटरी. परवा दुकानदाराला स्वतःच म्हणाले, ‘मला तिकीट देऊ नकोस.’ (एक मुलगी, सांगली)

पार्किन्सनसाठी दिले जाणारे प्रॅमिपेक्झोल किंवा रोपिनिरोल चालू आहे का, आधी ते पाहा. या औषधांनी काही रुग्णांना जुगाराची, खरेदीची, खाण्याची अनावर ओढ लागते. वडिलांचा यात दोष नाही, आणि दुकानदाराला म्हणाले ते अगदी योग्य केले. गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका, एकदम बंद करणे धोक्याचे असते. न्यूरॉलॉजिस्टना आजच फोन करा. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका.