दिवाळीची जाहिरात फसली, शेठना आकडा कसा सांगू?

प्रश्न : ताई, सांगलीत विश्रामबागेत माझी छोटी डिजिटल मार्केटिंग एजन्सी आहे. मी आणि एक डिझायनर, एवढाच पसारा. इथल्या एका बेदाणा व्यापाऱ्यांनी यंदा पहिल्यांदाच दिवाळीसाठी सुक्या मेव्याचे गिफ्ट बॉक्स ऑनलाइन काढले, 650 रुपयांना एक. मी त्यांना 50,000 रुपयांचं पॅकेज दिलं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात सहा लाख लोकांपर्यंत पोचली, पण ऑर्डरी आल्या 40. शेठना मी आतापर्यंत फक्त 'रीच जबरदस्त आहे' एवढंच बोललोय. त्यांचा मुलगा पुण्यातल्या एका एजन्सीशी बोलणी करतोय. ते एजन्सीवाले म्हणतात, तीन महिन्यांत गुगलवर पहिला नंबर, शिवाय पन्नास फाइव्ह स्टार रिव्ह्यू टाकून देऊ. खरं सांगितलं तर काम जाईल, लपवलं तर मन खातंय. काय करू?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : आधी एक सांगते. शेठना कळलेलं नाही हा तुमचा गैरसमज आहे. ज्याचं आयुष्य सौद्यात गेलं, त्याला गोदामात किती बॉक्स पडून आहेत हे तुमच्या रिपोर्टमधून कळायची गरज नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ते फक्त तुम्ही कधी तोंड उघडताय याची वाट बघत असतील.

म्हणून याच आठवड्यात जा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ टाकून मोकळे होऊ नका. दुपारी सौदे आटोपल्यावर पेढीवर जाऊन बसा, मुलालाही बसवून घ्या. कागदावर पहिली ओळ ही असू द्या : खर्च 50,000, ऑर्डरी 40, म्हणजे एका ऑर्डरमागे 1,250 रुपये, आणि बॉक्स 650 चा. सहा लाखांचा आकडा तळाला, लहान अक्षरात. रीच म्हणजे तितक्यांच्या स्क्रीनवरून जाहिरात सरकली, बस. फेसबुकच्या जाहिरात रिपोर्टात तर तीन सेकंद व्हिडिओ चालला तरी तो 'प्ले' म्हणून मोजला जातो. तीन सेकंदांत बेदाणा तोंडात टाकूनही होत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही पत्रात एका शब्दात उरकलीत : पॅकेज. मला खरी मेख तिथे दिसते. त्या 50,000 मधले फेसबुकला किती गेले? समजा 34,000 जाहिरातीला, त्यावर 18 टक्के जीएसटी 6,120, आणि उरलेले 9,880 तुमचे. शेठना वाटतंय की सगळे पन्नास हजार फेसबुकने खाल्ले. उद्या कुणी त्यांना हिशेब फोडून दाखवला तर तुमचे 9,880 चोरीचे ठरतील. वास्तविक ते कष्टाचे आहेत, आणि माझ्या मते कमीच आहेत. बिलात तीन ओळी करा.

आम्ही वर्तमानपत्रांच्या जाहिराती घ्यायचो तेव्हा हा घोळ नव्हता. रेट कार्ड, म्हणजे जाहिरातीच्या दरांचं पत्रक, गिऱ्हाइकाच्या टेबलावर असायचं, एजन्सीचं 15 टक्के कमिशन पेपरकडून यायचं आणि ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. बिलाला व्हाउचर कॉपी, म्हणजे ज्या अंकात जाहिरात आली तो अंकच, जोडल्याशिवाय चेक निघायचा नाही. एका सराफांचे मुनीम तर पट्टी घेऊन कॉलम सेंटिमीटर मोजायचे, आणि अर्धा सेंटिमीटर कमी भरला तर बिल परत. त्या पट्टीचा आम्हाला कधी राग आला नाही. मोजून दिलेल्या बिलावर पुन्हा वाद निघत नसे.

तुमच्या धंद्यातली व्हाउचर कॉपी म्हणजे ॲड अकाउंट, फेसबुकवरचं ते खातं जिथून जाहिरात लागते आणि पैसे कापले जातात. ते शेठच्या नावावर, त्यांच्या कार्डावर उघडा आणि तुम्ही पार्टनर म्हणून आत या. रोज किती पैसे गेले हे मुलाला स्वतःच्या मोबाइलवर दिसेल. बरेच एजन्सीवाले अकाउंट स्वतःकडे दाबून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक सुटत नाही. असं बांधलेलं गिऱ्हाईक पहिल्या संधीला दावं तोडतं.

आता जाहिरात का फसली, तेही सांगावं लागेल, आणि इथे पडखाऊपणा नको. खरं बोलणं म्हणजे सगळा दोष आपल्या अंगावर घेणं नव्हे. दिवाळीच्या तोंडावर जो तो जाहिरात करतो. फेसबुकवर जागा लिलावाने मिळते, त्यामुळे तीच जागा श्रावणापेक्षा महाग पडते. रोज सौद्यात बसणाऱ्या शेठना लिलाव समजावून सांगावा लागणार नाही. मग चौकशीचे मेसेज काढा. कुठल्या वेळी आले आणि पेढीवरून उत्तर कधी गेलं? माझा अंदाज आहे की निम्मे मेसेज रात्री नऊनंतरचे असतील आणि उत्तर दुसऱ्या दिवशी अकराला. तोवर माणसाने दुसरीकडून बॉक्स मागवलेला असतो. कुरिअरचा खर्च शेवटच्या पानावर कळत होता का, तेही बघा. 650 चा बॉक्स एकदम 770 झाला की लोक पळतात. हे शेठना तोंडावर सांगा, पण मेसेजच्या वेळा समोर ठेवून. नुसतं तोंडी सांगितलं तर ती सबब वाटेल.

पुण्याच्या एजन्सीबद्दल वाईट बोलू नका. मुलाला एवढंच दाखवा की पहिल्या नंबरची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. विकतचे रिव्ह्यू गुगलच्या नियमात बसत नाहीत. पकडले की उडतात, आणि त्या प्रोफाइलवर नवे रिव्ह्यू घेणंही काही काळ बंद होऊ शकतं. शिवाय सांगलीत कोण कुणाचं गिऱ्हाईक आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ज्या 40 जणांनी बॉक्स घेतला त्यांना फोन करून, आवडला असेल तर दोन ओळी लिहा म्हणा. दहा जणांनी लिहिलं तरी पुष्कळ.

पुढच्या वेळी पन्नास हजारांची उडी नको. 5,000 लावा, एका ऑर्डरचा खर्च किती बसतो बघा, परवडला तरच वाढवा, आणि परवडत नसेल तर 'शेठ, हे थांबवूया' हे तुम्ही आधी म्हणा. एवढं करूनही काम जाऊ शकतं. मुलाला पुणंच हवं असेल तर तो जाईल. जाताना अकाउंट त्याच्याच नावावर आहे, पासवर्डवरून भांडण नको, एवढं पाळा.

प्रश्न : आमच्या जाहिरात एजन्सीच्या एका गिऱ्हाइकाला पाकिटावर आणि जाहिरातीत 'अस्सल सांगली हळद, करक्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारा घटक) 5 टक्के' असं लिहून हवंय. माल थोडा बाहेरचाही असतो, तपासणी केलेली नाही. छापणारे आम्ही, दावा करणारे ते. आमची जबाबदारी किती?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : पुरेशी आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत जाहिरात एजन्सीचाही स्पष्ट उल्लेख आहे, तेव्हा 'आम्ही फक्त छापलं' हे चालत नाही. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या हळदीला लावता येतं, त्यामुळे बाहेरचा माल त्या नावाने विकणं वेगळंच लफडं होईल. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मागा, त्याची प्रत फाइलला लावा, आकडा रिपोर्टमधला छापा. साडेतीन आला तर साडेतीन. रिपोर्ट द्यायला तयार नसतील तर टक्केवारी गाळून फक्त 'हळद पावडर' छापा, आणि तसं का केलं ते त्यांना मेलवर लिहून कळवा.