सुरुवात करताना अ‍ॅक्रिलिक रंग स्टुडंट ग्रेडचे घ्यावेत की आर्टिस्ट ग्रेडचे?

आपण नुकतीच सुरुवात केली आहे आणि महाग रंग आत्ताच घ्यावेत का, असे विचारले आहे. माझ्या मते सध्या स्टुडंट ग्रेड पुरेसे आहेत. मात्र चोवीस छटांचा संच न घेता सहा-सात सुट्या ट्यूब घ्याव्यात, कारण रंग मिसळण्याचा सराव मोजक्या रंगांतूनच होतो.

दोन्ही प्रकारांत बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा घटक, अ‍ॅक्रिलिकचाच असतो. फरक पडतो तो रंगद्रव्याच्या प्रमाणात. स्टुडंट ग्रेडमध्ये ते कमी आणि भरणीचे पदार्थ जास्त असल्याने पृष्ठभाग झाकायला अधिक थर द्यावे लागतात, आणि कॅडमियमसारख्या महाग रंगद्रव्यांच्या जागी स्वस्त पर्याय वापरून नावापुढे ‘ह्यू’ असे लिहिलेले असते. अल्ट्रामरीन किंवा मातकट रंगांची रंगद्रव्ये मुळातच स्वस्त असल्यामुळे त्यांच्या साध्या ट्यूबही चांगल्या निघतात. पांढऱ्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तो जवळजवळ प्रत्येक मिश्रणात जातो, म्हणून आर्टिस्ट ग्रेडची पहिली ट्यूब टायटॅनियम व्हाइटचीच असावी.

खरेदी करताना ट्यूबवरील बारीक अक्षरे अवश्य वाचावीत; त्यांत रंगद्रव्याचा संकेतांक दिलेला असतो. पीबी 29 म्हणजे अल्ट्रामरीन, पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटॅनियम व्हाइट. असा एकच संकेतांक असलेले रंग मिसळल्यावर सहसा स्वच्छ राहतात, तर आधीच तीन-चार रंगद्रव्ये असलेल्या रंगांचे मिश्रण लवकर मळकट होते.

हवी ती छटा आपल्याला मिसळता येते, पण रंगाचा जोरच कमी पडतो, असे वारंवार जाणवू लागले की एकेक ट्यूब बदलत जावी. दोन्ही ग्रेड एकत्र वापरता येतात. चित्रे विकायची असतील, तर प्रकाशात टिकण्याची एएसटीएम (मानके ठरवणारी संस्था) श्रेणी 1 किंवा 2 असलेलेच रंग घ्यावेत.

दाटपणाचा मात्र ग्रेडशी संबंध नाही. ब्रश किंवा नाइफच्या (रंग लावायच्या सुरीच्या) खुणा दिसायला हव्या असतील तर हेवी बॉडी म्हणजे दाट आणि बारीक रेषांसाठी फ्लुइड म्हणजे पातळ रंग घ्यावा. दाट रंगात भरमसाट पाणी घातले तर बाइंडर विरळ होऊन थर कमकुवत होतो, त्यामुळे फार पातळ करायचा असल्यास मीडियम (रंगद्रव्य नसलेले अ‍ॅक्रिलिक बाइंडरचे द्रावण) वापरणे योग्य. पुढे खरे कॅडमियम घेतलेच, तर ते स्प्रे करू नये आणि वाळलेला थर घासून त्याची धूळ उडवू नये, कारण श्वासावाटे ते शरीरात जाणे घातक असते.