इंग्लंडमध्ये केअरर नीट येत नाहीत, फ्लॅटला ओल आहे. एजन्सी आणि कौन्सिल एकमेकांकडे बोट दाखवतात. तक्रार नक्की कुणाकडे करायची?

तुम्ही लिहिलंय की आई सपोर्टेड हाउसिंगच्या (मदतीची सोय असलेल्या घरांच्या) फ्लॅटमध्ये राहते. कौन्सिलने (स्थानिक प्रशासनाने) लावून दिलेले केअरर, म्हणजे घरी येऊन देखभाल करणारे, अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटांत निघून जातात, बाथरूमच्या भिंतीला बुरशी आली आहे, आणि एजन्सी म्हणते कौन्सिलला विचारा, कौन्सिल म्हणते एजन्सीला विचारा.

केअर कौन्सिलने लावून दिली असेल तर जबाबदार कौन्सिलच. काम खासगी एजन्सीकडे दिलं म्हणून ती जबाबदारी सुटत नाही. 1974 च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टच्या कलम 25 नुसार अशा एजन्सीने केलेली चूक कौन्सिलचीच चूक धरली जाते. आई खर्चातला वाटा स्वतः भरत असली तरी यात फरक पडत नाही. त्यामुळे ‘आधी एजन्सीकडे जा’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. तक्रार कौन्सिलच्या ॲडल्ट सोशल केअर विभागाच्या कंप्लेंट्स टीमला पाठवा आणि एजन्सीला फक्त प्रत द्या. डायरेक्ट पेमेंट (केअरसाठी कौन्सिलने थेट तुमच्या हाती दिलेले पैसे) घेऊन एजन्सीशी करार तुम्हीच केला असेल, तर मात्र आधी एजन्सीकडेच जावं लागेल.

बुरशीची तक्रार या पत्रात घालू नका. ती घरमालकाची, म्हणजे हाउसिंग असोसिएशनची किंवा कौन्सिलच्या हाउसिंग विभागाची बाब आहे. तिचे नियम वेगळे आणि ओम्बड्समनही (तक्रारींची स्वतंत्र चौकशी करणारा अधिकारी) वेगळा. एकाच पत्रात दोन्ही लिहिलं की प्रत्येक जण आपल्याला सोयीचा भाग उचलतो आणि उरलेला कुणाचाच राहत नाही.

केअरच्या तक्रारीला 2009 चे नियम (Local Authority Social Services and NHS Complaints Regulations) लागू होतात. घटना घडल्यापासून किंवा ती तुम्हाला कळल्यापासून 12 महिन्यांच्या आत तक्रार करायची. कौन्सिलने 3 कामकाजाच्या दिवसांत पोच द्यायची आणि चौकशीची पद्धत व लागणारा वेळ तुमच्याशी बोलून ठरवायचा. 6 महिन्यांत उत्तर आलं नाही तर उशीर का झाला ते त्यांनी लेखी कळवायला हवं. फोनवर केलेली तक्रारही चालते. ती त्यांनी लिहून घेऊन तुम्हाला प्रत द्यायची असते. पण पुष्कळदा अशी तक्रार ‘कन्सर्न’ (नुसती काळजी व्यक्त केली) म्हणून नोंदली जाते आणि मग मुदत सुरूच होत नाही. म्हणून पहिल्याच ओळीत लिहा, ‘ही 2009 च्या नियमांखालील औपचारिक तक्रार आहे.’ सोबत आईचं सहीचं संमतीपत्र जोडा. आईला स्वतः निर्णय घेणं शक्य नसेल तर तिच्या हितासाठी तुम्हाला तक्रार करता येते; त्यासाठी पॉवर ऑफ ॲटर्नी असलीच पाहिजे असं नाही.

खरं वजन पुराव्याला असतं. ‘केअरर नेहमी लवकर जातात’ या वाक्याने काही हलत नाही. केअर प्लॅनची प्रत मागवा आणि त्यात सकाळच्या भेटीला किती मिनिटं आहेत, गोळ्या, आंघोळ, जेवण काय काय लिहिलंय ते पाहा. बऱ्याच एजन्सींचे केअरर येताना-जाताना फोनवरून नोंद करतात. त्या नोंदी आणि रोजची केअर डायरी सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट (स्वतःबद्दलची माहिती मागण्याचा अर्ज) करून मागा. ती मोफत असते आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. मग तक्ता करा: तारीख, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आले-गेले कधी, काय करायचं राहिलं, त्याचा आईवर काय परिणाम झाला. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि ओम्बड्समन नेमका तोच शोधतो.

आई कदाचित म्हणेल, ‘जाऊ दे, बिचाऱ्या पोरीची नोकरी जाईल.’ तिला समजावा की दोष बहुतेक वेळा रोटाचा (कामाच्या वेळापत्रकाचा) असतो: दोन भेटींच्या मध्ये प्रवासाला वेळच ठेवलेला नसतो. पत्रातही हेच लिहा आणि मागण्या ठरावीक ठेवा: रोटा बदला, शक्यतो तेच केअरर पाठवा, केअर प्लॅनचा फेरआढावा घ्या, न मिळालेल्या मिनिटांचे पैसे परत द्या. बिल ठरलेल्या वेळेचं लावलंय की प्रत्यक्ष वेळेचं, हे जरूर विचारा.

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट राहून जाते. शाकाहार, आंघोळीला बाईच हवी, उपासाचे दिवस हे सगळं केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या. धर्म आणि संस्कृतीमुळे आहाराच्या ज्या वाजवी गरजा असतात, त्या पुरवणं केअर एजन्सीला नियमांनीच बांधून दिलेलं आहे. मात्र ती गरज कागदावर नसली तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायला जागा राहते. आई फक्त मराठी बोलत असेल तर बैठकीला दुभाषा मागा. तुम्ही तिची बाजूही मांडायची आणि भाषांतरही करायचं, यात तिचं स्वतःचं म्हणणं हरवतं.

मारल्याच्या खुणा, पैसे गायब होणं, गोळ्या वारंवार चुकणं असं काही असेल तर तक्रारीच्या उत्तराची वाट पाहू नका. त्याच दिवशी कौन्सिलच्या सेफगार्डिंग टीमला (छळ, हेळसांड यांपासून संरक्षण करणाऱ्या विभागाला) कळवा. जिवाला धोका असेल तर 999 वर फोन करा. केअर क्वालिटी कमिशनलाही (केअर सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला) कळवावं, पण ते एकेकाची तक्रार सोडवत नाहीत; माहिती तपासणीसाठी वापरतात.

आता बुरशीची तक्रार. त्यासाठी घरमालकाकडे दोन टप्पे असतात. पहिल्यात 5 कामकाजाच्या दिवसांत पोच आणि त्यानंतर 10 दिवसांत उत्तर. समाधान झालं नाही तर दुसऱ्या टप्प्यात पुन्हा पोच आणि मग 20 दिवस, हेही कामकाजाचेच. त्यानंतर हाउसिंग ओम्बड्समन. नुसत्या ‘रिपेअर रिक्वेस्ट’ने हे घड्याळ सुरू होत नाही, त्यामुळे इथेही ‘तक्रार’ हा शब्द वापरा.

केअरच्या बाबतीत कौन्सिलचं अंतिम उत्तर पटलं नाही, किंवा साधारण 12 आठवडे उलटूनही ते आलंच नाही, तर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समनकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. पण इथेही 12 महिन्यांची मर्यादा आहे. निर्णय तुम्हाला आवडला नाही एवढ्यावर ते तो फिरवत नाहीत. प्रक्रियेत चूक झाली का आणि त्याने आईचं काय नुकसान झालं, एवढंच पाहतात. मनस्तापाची भरपाई सहसा काही शे पौंडांपलीकडे जात नाही. चुकीने घेतलेली फी परत मिळणं आणि केअर सुधारणं हीच मोठी मिळकत.

तोवर आईच्या वाट्याचं बिल भरणं बंद करू नका, नाहीतर थकबाकीचं वेगळंच प्रकरण उभं राहतं. भरताना ‘ही रक्कम वादात आहे’ असं ईमेलने कळवून ठेवा.