नोटीस आली म्हणून गाड्या थांबवू नकोस

चिरंजीवास आशीर्वाद.

तुझी घंटागाडी आमच्या पेटंटची नक्कल आहे म्हणून त्या कंपनीने कुपवाडच्या शेडवर पाठवलेल्या नोटिशीचे फोटो पाहिले. पहिल्या पानावर भरपाईचा आकडा, शेवटच्या पानावर एक क्रमांक. कामाचा तेवढा क्रमांकच.

तो अर्जाचा आहे की मंजूर पेटंटचा, हे आधी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर बघ. अर्ज एरवी १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि तेवढ्यावरच धाक घालणारे पुष्कळ असतात. मंजुरीआधी खटला भरता येत नाही. मंजूर असेल तर पेटंट चालू ठेवायचं शुल्क भरलंय का बघ. मुदत अर्जापासून २० वर्षं, पण शुल्क थकलं की पेटंट आधीच संपतं.

मग चित्रं सोड, क्लेम वाच, म्हणजे नेमक्या कशावर हक्क सांगितलाय ती वाक्यं. चित्रात तुझ्यासारखीच घंटागाडी दिसेल: दोन कप्पे, मधे पत्रा, हॉपर (कचऱ्याची पेटी) उचलणारा हायड्रॉलिक सिलेंडर. दिसणारच! २०१६च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करायला लावल्यावर गाड्यांची बॉडी बांधणाऱ्या सगळ्यांनाच कप्पे करावे लागले. पहिल्या क्लेममधला एकेक भाग वहीत उतरव, शेजारी तुझ्या गाडीतला लिही. समज, त्यात मधला पत्रा बिजागरीवर फिरतो आणि हॉपर उलटताना आपोआप सुटतो असं लिहिलंय, आणि तुझा पत्रा वेल्डिंगने पक्का आहे. मग बहुधा तू त्यात सापडत नाहीस.

सापडलासच, तरी ते पेटंट टिकतं का हा प्रश्न उरतो. पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) सांगतं की ओळखीची साधनं नुसती नव्याने मांडली आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिलं, तर तो शोध नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९७८चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल जरूर वाच. वाद भांडी लेथवर धरण्याच्या साधनाचा होता. वर्कशॉपमधली साधी सुधारणा पेटंटला पुरत नाही, असं न्यायालयाने बजावलं. आपल्या एमआयडीसीत हा निकाल फ्रेम करून लावायला हवा. पण नुसता निकाल दाखवून भागत नाही, कागद लागतात. त्यांच्या अर्जाच्या तारखेआधी तशी गाडी कुणी कुठल्या पालिकेला दिली असेल, तर तिचं टेंडर, ड्रॉइंग, डिलिव्हरी चलन शोध. माहिती अधिकारात माग. तुझं स्वतःचं जुनं चलनही चालतं.

मंजुरी प्रसिद्ध होऊन वर्ष झालं नसेल तर पेटंट कार्यालयातच विरोध नोंदव, ते स्वस्त पडतं. त्यांनी जिल्हा न्यायालयात खटला भरला आणि तू पेटंट रद्द करायचा प्रतिदावा केलास, की सगळं प्रकरण उच्च न्यायालयात जातं. तिथल्या वकिलाची फी आधी विचार.

उत्तरात ‘डिझाइन बदलतो’ असं चुकूनही लिहू नकोस. फोनवर तर काहीच नको. निराधार धमकीविरुद्ध कलम १०६खाली आपल्यालाही कोर्टात जाता येतं, मात्र ‘आमचं पेटंट आहे’ एवढंच कळवणं धमकीत धरत नाहीत. म्हणून मूळ नोटीस वकिलाला दाखव. आणि तुझ्या गाड्या घेणाऱ्या पालिकेच्या अभियंत्याला ही बातमी तुझ्याकडूनच कळू दे, त्या कंपनीकडून कळली तर बिल अडकेल.

चलनं सापडली की लगेच पाठव.

तुझा,
काका