थंडीत नडगीची त्वचा का फुटते?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ७२ आहे. आम्ही नाशिकला राहतो. दिवाळी सरली की त्यांच्या दोन्ही नडग्यांवर पांढरे खवले धरतात आणि रात्री खाजेमुळे झोप लागत नाही. पाणी कमी पडते म्हणून असे होते, असे सगळे सांगतात. त्या भरपूर पाणी पितात, तरी फरक नाही. कारण काय असावे?

उत्तर : ज्याच्या शरीरात पाण्याची तूट नाही, त्याची त्वचा जास्तीचे पाणी पिऊन मऊ होत नाही. त्वचेला आतून पाणी मिळतच असते. अडचण असते ती ते टिकवून धरण्याची. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशींमधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले या स्निग्ध द्रव्यांनी बुजलेल्या असतात. वयोमानाने ही द्रव्ये कमी तयार होतात, मग पाणी त्या फटींतून उडून जाते आणि थंडीतल्या कोरड्या हवेत तर अधिकच वेगाने जाते. नडगीवर तैलग्रंथी विरळ असल्याने त्रास आधी तिथेच दिसतो.

कढत पाणी, साबणाचा भरपूर फेस आणि घासणी ही थंडीतली आंघोळ बहुतेक घरांत चालते, आणि मला दोष पेल्यापेक्षा बादलीत अधिक दिसतो. त्वचेचा सामू (आम्लता-अल्कता दाखवणारा pH अंक) सुमारे ५ म्हणजे किंचित आम्लधर्मी, तर साध्या साबणाचा ९ ते १० म्हणजे अल्कधर्मी असतो. उरलेसुरले स्निग्ध द्रव्य त्याने आणि कढत पाण्याने धुऊन जाते. डाळीचे पीठही तेल शोषून घेते, त्यामुळे तेही निर्धोक समजू नये. पाणी कोमट असावे आणि साबण काखा, जांघा व पावलांपुरताच वापरावा. अंग पंच्याने टिपून, त्वचा दमट असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावावे, कारण पूर्ण कोरड्या अंगावर लावल्यास अडवायला पाणीच उरलेले नसते. युरियायुक्त मलम गुणकारी असते. मात्र भेगांवर ते झोंबते.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत उतार न पडल्यास थायरॉइड, साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी. लघवी वाढवणाऱ्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही कोरडेपणा येऊ शकतो. त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांना विचारावे. भेगा लाल होऊन जाळीसारख्या पसरल्या किंवा त्यांतून पाणी झिरपू लागले, तर घरगुती उपाय थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. आणखी एक गोष्ट पाहावी : बोटांच्या बेचक्यांत पुरळ असेल, किंवा घरात इतरांनाही रात्री खाज सुटत असेल, तर ती खरूज असण्याची शक्यता आहे, आणि तिचा उपचार घरातल्या सर्वांनी एकाच वेळी घ्यावा लागतो.